तिथीची पाऊणपट

तळाशीलला घराच्या पुढल्या दारी समुद्र, मागल्या दारी खाडी.
पाणी कुठे आहे हे आम्ही विचारत नाही.
विचारायचं ते एवढंच, भरती कधी.
आणि ते सांगायचे मामंजी :
तिथीची पाऊणपट करा, झालं.
अष्टमीला सहा. दशमीला साडेसात.
घड्याळ नंतर बघायचं. चुकलं तर घड्याळ चुकलं.

गणपती गेल्यावर कधीतरी
भांडी घासता घासता मी विचारलं, मामंजी, भरती कधी?
"आसात कधीतरी."

तेव्हाच मला कळायला हवं होतं.
मी भांडी घासत राहिले.

मग पोटात गोळा. पाठीत चमक. तोंडाला चव नाही.
मेडिकलवाल्याकडून ॲसिडिटीच्या गोळ्यांचा पत्ता.
पहाटे तीनला पडवीत दिसणारी पाठ,
रेडिओवर खाऱ्या वाऱ्याचा थर.
रापणीची माणसं हाक मारायची, "येतंस काय रे सगुण?"
आधी दारातून, मग वाटेवरून,
मग नाहीच.
शेजारच्या काकी म्हणाल्या, सत्तरी उलटली, आता असंच.
दीर फोनवर म्हणाले, आई गेल्याचं मनाला लावून घेतलंय.
देवळात गाऱ्हाणं घालून झालं, कौलही उजवा पडला.
मामंजी तसेच.

रडले असते तर आम्हाला समजलं असतं.
ते रडत नव्हते. ते फक्त
कालचा बांगडा मुकाट खात होते,
कल्ले उघडून बघितल्याशिवाय
ज्यानं जन्मात मासा घरात घेतला नाही
तो माणूस.

ओरोसला दोन एसट्या बदलून.
"सगुण रामा तोरसकर, वय एकाहत्तर"
पुकारा झाला तेव्हा ते उठलेच नाहीत. मी उठले.
डॉक्टरबाई माझ्याहून लहान.
रक्त काढायला लावलं, थायरॉइड, बी-बारा,
प्रेशरची गोळी कुठली चालू आहे ते पाकिटावर वाचलं.
मग खुर्ची जवळ ओढून,
चहात साखर किती विचारावं तशा आवाजात :
आजोबा, जगू नये असं येतं का मनात?

असं विचारतात का कोणी!
आठ महिने मी पेज विचारली, गरम पाणी विचारलं,
हे सोडून सगळं विचारलं.

मामंजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.
"येता," म्हणाले. "रातीचा. सुकतीच्या वक्ताक."
आणि त्यांचे खांदे खाली आले,
डोक्यावरची पाटी कुणीतरी हात देऊन उतरवावी तसे.

बाई म्हणाल्या, हे वय नाही, आजार आहे.
वयावर औषध नसतं. यावर असतं.
पण लगेच नाही, तीन-चार आठवडे धीर धरा,
आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका.
एकटं ठेवू नका. तसं मनात आलं की सांगायचं, रात्रीसुद्धा.
आणि रोज एक काम, मनात असो नसो.

पहिला आठवडा मळमळ. दुसऱ्यात काही नाही.
तिसऱ्यातही काही नाही, मी मोरीत जाऊन रडून आले.
काम म्हणजे जाळं विणणं.
पहिल्या दिवशी एक गाठ मारली, सुई खाली ठेवली.
दुसऱ्या दिवशी तीच सोडवली.
मी पडवीत अंथरूण घातलं. तीनला ते उठायचे, मी उठायचे.
बोलणं फारसं नाही. एकदा म्हणाले, "तू नीज गो."
म्हटलं, नाही.

गेल्या बुधवारी ताट सरकवलं.
"ह्यो बांगडो कालचो."
कालचाच होता.
मी ताट दोन्ही हातांनी उचललं,
आरतीचं उचलावं तसं.

बरे झाले असं मी म्हणत नाही.
परवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून होते.
रेडिओ पुसलाय, लावलेला नाही.
पुढची तारीख वीस.

पण आज पंचमी. मी काही विचारलं नव्हतं,
कपडे वाळत घालत होते,
तर पडवीतून आवाज आला, "पावणेचार."

पाणी पायरीला लागलं ते चार वाजून दहाला.
मी स्टुलावर चढले
आणि भिंतीवरचं घड्याळ
पंचवीस मिनिटं मागे केलं.